विश्रांतीची ड्यूटी

कर्मचाऱ्यांसाठी विश्रांतीची खोली मिळावी म्हणून ताईंनी इतक्या खेपा घातल्या आणि त्या इतके जिने चढल्या-उतरल्या, की खोली मंजूर होईतो त्यांच्याइतकी तिची गरज दुसऱ्या कुणालाच उरली नव्हती. मागणीच्या पहिल्या वर्षी त्यांचे गुडघे नुसते कुरकुरायचे. मंजुरीच्या वर्षी ते शेजारच्या टेबलाला ऐकू येऊ लागले.

समाजसेवा खात्याचं ते कार्यालय. वृद्ध, निराधार, अपंग, घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही असे सगळे तिथे येत, आणि दारातून आत आल्याबरोबर समोर जे टेबल लागे त्यावर ताई बसत. 'बसत' हा शब्द सरकारी अर्थाने घ्यायचा. कुणाला खिडकीपाशी नेऊन सोड, कुणाचा चष्मा शोधून दे, कुणाला अंगठा कुठे उमटवायचा ते दाखव, यात खुर्ची दिवसभर मोकळीच असे, आणि तिच्यावर येणारे-जाणारे पिशव्या ठेवत.

खोली मात्र बरी मिळाली होती. एक पलंग, पंखा, पाण्याचा जग, दारावर पाटी. वरच्या कार्यालयातून एक साहेब येऊन फीत कापून गेले आणि त्या दिवसापासून, एक प्रसंग सोडला तर, पलंगावरच्या चादरीला सुरकुती म्हणून पडली नाही. त्याचं कारण या लोकांच्या खोडीत होतं. आयुष्यभर दुसऱ्याची काळजी वाहण्याचा पगार घेतला की ती सवय रक्तात उतरते. सुरुवातीला एकदा हिशेबनीस जेवण झाल्यावर तिथे जरा लवंडले होते. पाच मिनिटांत एकीने त्यांचा रक्तदाब मोजला, दुसऱ्याने साखरपाणी आणलं आणि तिसऱ्याने कुणाला न विचारता त्यांच्या बायकोला फोन केला. बायको अर्ध्या कामावरून उठून, आईला बरोबर घेऊन, डोळे पुसत आली. त्यानंतर हिशेबनीसांनी कचेरीत जांभईसुद्धा दिली नाही.

तर अशी ती खोली कोरी करकरीत पडून होती, आणि एके सकाळी वरून फोन आला. कर्मचाऱ्यांना दिलेल्या सोयी वापरात आहेत की नाहीत हे पाहायला तपासणीच्या बाई दुपारी येत होत्या. जी जागा वापरात नसेल ती काढून जुन्या फायलींसाठी द्यायची, असा हुकूम होता. ही बातमी कचेरीच्या साहेबांच्या आधी जुन्या फायलींच्या प्रमुखांना, म्हणजे भाऊसाहेबांना, कशी कळली कोण जाणे. साहेब फोन ठेवतात न ठेवतात तोच भाऊसाहेब टेप घेऊन खोलीच्या भिंती मोजत होते. पलंग कुठे हलवायचा, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

साहेबांनी ताईंना बोलावलं. साहेब माणूस भला, पण तपासणी म्हटली की हाताला लागेल त्याला कामाला जुंपे.

"खोली तुम्ही मागितलीत ना? मग आज तुम्हीच झोपा."

ताई म्हणाल्या, बाहेर रांग दारापर्यंत गेलीय. साहेब म्हणाले, रांग रोजचीच आहे, खोली एकदा गेली की गेली. शिवाय झोपायचंच असं नाही, विश्रांती घेताना दिसलं तरी पुरे. ताईंच्या डोळ्यांपुढे त्या पलंगाच्या जागी फायलींचे गठ्ठे आले आणि त्या निमूट निघाल्या.

शिपाईमामांनी आधी जाऊन चादर वापरातली वाटावी म्हणून चांगली चुरगाळली, आणि मग वर्षानुवर्षांच्या सवयीने पुन्हा ताणून नीट केली. ताई आडव्या झाल्या. छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. सुख म्हणतात ते हेच असावं, असं त्यांना वाटायला लागलं, तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी एका म्हाताऱ्याला चुकीच्या खिडकीवर पाठवत असल्याचं ऐकू आलं. ताईंनी डोळे मिटले. म्हातारा चालू लागल्याचा आवाज आला. ताईंनी उशी कानावर घेतली. पण काठीचा ठकठक आवाज उशीतूनही येत होता.

"अहो आजोबा, तिकडे नाही, डावीकडे!" पलंगावरून ताई ओरडल्या, आणि एकदा ओरडल्यावर उठल्याच.

बाहेर येतात तो हातात काठी धरून, भिंतीला टेकून एक आजीबाई उभ्या. हयातीचा दाखला हवा होता. म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायला त्या सकाळपासून तिष्ठत होत्या, आणि आणखी थोडा वेळ उभं राहावं लागलं असतं तर अर्जच निकालात निघाला असता. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. सही साहेबांची हवी आणि साहेब तर तपासणीच्या बाईंच्या स्वागताला फाटकापाशी. बाकांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. ताईंनी आजींना हाताला धरून खोलीत नेलं, पाणी दिलं आणि साहेब येईतो जरा टेका म्हणाल्या.

आजी टेकल्या, कलंडल्या आणि झोपल्या. झोपल्या त्या अशा, की हयातीचा दाखला मागायला आलेल्या बाईचा श्वास चालतोय ना, हे पाहायला मामा दोनदा आत जाऊन आले.

इतक्यात गाडी आली. ताई मामांना म्हणाल्या, आजींना हळूच उठवा. मामा म्हणाले, "मी आईला कधी उठवलं नाही, हिला कसा उठवू?" हिशेबनीसांनी तर त्या खोलीच्या उंबऱ्यावर पाऊल टाकायलाच नकार दिला. साहेब बाईंना चहाला बसवून धावत आले, सगळं ऐकून घेतलं, ही नेभळट माणसं माझ्याच नशिबी का, असं पुटपुटत स्वतः आत गेले, आणि थोड्या वेळाने पंख्याचा वेग कमी करून, आजींच्या पायांवर स्वतःचा कोट घालून चवड्यांवर बाहेर आले.

"राहू दे," ते म्हणाले. "आपल्याच कर्मचारी आहेत म्हणून सांगू."

तपासणीच्या बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून भाऊसाहेब टेप घेऊन डोकावत होते. साहेबांनी घसा साफ करून सांगितलं, "आमच्या फार जुन्या कर्मचारी."

त्या आवाजाने आजी जाग्या झाल्या. बाईंनी आवाज न चढवता विचारलं, "काम फार पडतं का हो तुम्हाला इथे?"

"मला कसलं काम?" आजी उठून बसत म्हणाल्या. "मी तर पडलेय राजासारखी. काम त्या पोरीला." त्यांनी ताईंकडे बोट केलं. पोरीच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. "सकाळपासून बघतेय, बूड टेकलं असेल तर शपथ. बाई, तुम्ही मोठ्या दिसता. तिला जरा बसायला सांगा ना."

साहेब भिंतीकडे पाहू लागले. बाईंनी कोट पाहिला, काठी पाहिली, आजींच्या मुठीतला अर्ज पाहिला.

"तुम्ही झोपलात का कधी इथे?" त्यांनी ताईंना विचारलं.

ताईंना खोटं बोलता येत नसे. तसा त्यांना कधी वेळच मिळाला नव्हता. "आज आडवी झाले होते," त्या म्हणाल्या. "जमलं नाही."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या निकाल सांगितला. कर्मचारी ही खोली वापरतात असं त्या लिहू शकत नव्हत्या. तेव्हा ती आजपासून येणाऱ्या वृद्धांच्या विसाव्यासाठी. भाऊसाहेबांची टेप खर्रकन गुंडाळली गेली. बाई पुढे म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांना एकटं सोडायचं नाही. कुणीतरी कर्मचारी सतत जवळ बसलेला हवा. "बसलेला," त्यांनी ताईंकडे पाहून पुन्हा सांगितलं. चेहरा मात्र तपासणीचाच होता.

बाई गेल्या, आजी दाखला घेऊन गेल्या, आणि ताई आपल्या टेबलापाशी येऊन खिन्न उभ्या राहिल्या. खोली वाचली होती, पण हातची गेली होती. इतके जिने चढून त्यांनी ती परक्यांच्या पदरात घातली होती.

दुसऱ्या दिवशी हुकूम म्हणून पलंगाशेजारी एक आरामखुर्ची आली आणि पहिली पाळी ताईंना मिळाली. पलंगावर एक आजोबा विसावले होते. ताई खुर्चीत बसल्या, आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण चक्क बसलोय. कुणी विचारलं नाही काय होतंय, कुणी रक्तदाब मोजला नाही, कुणाच्या घरी फोन गेला नाही. कारण हे काम होतं. आठवडा सरेपर्यंत त्या पाळीवरून भांडणं सुरू झाली, आणि पहिली वर्णी लावून घेतली ती हिशेबनीसांनी.

पण पहिल्या दुपारची गोष्ट अशी. कसलीशी सही घ्यायला साहेब स्वतः खोलीपाशी आले, तर दार ओढून घेऊन ते आजोबाच बाहेर काठी टेकून उभे. आतून मंद, एकसारखं घोरणं ऐकू येत होतं.

आजोबांनी काठी आडवी धरली.

"नंतर या," ते म्हणाले. "बाई कामात आहेत."