मारुतीच्या पारावरचा हलका डब्बा

मारुतीच्या शेंदराची आण, माझ्या हातातल्या बांगड्यांची आण, आन् एवढ्यानं भागत नसंल तर आमच्या दुभत्या म्हशीची आण, आता जे सांगून राह्यले त्यातला शब्दन् शब्द खरा हाय! म्हशीची खोटी आण कोणी खात न्हाई. दूध आखडते ती.

आमची वाडी हसनाबादपासून घटकाभराच्या वाटेवर. सव्वाशे उंबरे. तिथं तुळजाबाई राहते. तीस वर्षं अंगणवाडी चालवली तिनं. वाडीतल्या तरण्या माणसांपैकी असा एक न्हाई ज्याचं नाक तिनं पुसलं न्हाई. म्हणून तिच्यापुढं कोणी खोटं बोलाया लागलं की त्याचा हात आपोआप नाकाकडं जातो.

रिटायर झाली आन् तिला नवंच काम चिकटलं. मोबाइलवर मागवलेलं आन् वाटेत गडप झालेलं पार्सल हुडकून द्यायचं. फुकटात. कंपनीवाले काय करतात? "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे" म्हणतात आन् गाणं लावून देतात. तुळजाबाई गाणं लावत न्हाई. ओट्यावर बसते, अडकित्त्यानं सुपारी कातरते आन् सवाल इचारते. मीनाचा कुकर गेल्ता, तवा तिनं शेजारच्या शेळीकडं नुसतं पाह्यलं. शेळी रवंथ करून राह्यली व्हती आन् तोंडातून फट्फट् आवाज. कुकरावरचं फुग्याफुग्याचं प्लास्टिक खाल्लेलं तिनं. कुकर गव्हाणीत. असं डोकं अख्ख्या तालुक्यात न्हाई.

"पार्सल जमिनीत जात न्हाई, आभाळात जात न्हाई," ती म्हणायची. "माणसाच्या घरात जातं. आन् घरं सव्वाशेच हायत."

तर मंगळवारी साडेअकराला तिच्या ओट्यापुढं अंगदची मोटरसायकल थांबली. अंगद म्हंजे भोकरदनहून पाच-सहा गावांत पार्सल वाटणारा गडी. दोन लेकरांचा बाप. मोटरसायकलीवर त्याच्यापेक्षा मोठी त्याची पिशवी. पण त्या दिवशी त्याचं तोंड असं उतरलेलं, की जुन्या कपड्यावर भांडी देणाऱ्या बाईनंबी घेतलं नसतं.

"मावशी, संपलं माझं."

"आधी पाणी पे. मंग संप."

पाणी पिऊन त्यानं सांगितलं. शनिवारी सप्त्याचा काला व्हता. अंगद रामकिसनचं पार्सल घेऊन आल्ता. फोन केला तर रामकिसन म्हणला, घरी नेऊ नगस, मारुतीच्या पारावर ठेव, मी आलोच. ओटीपीबी फोनवरच सांगितला. अंगदनं डब्बा पारावर ठेवला आन् पुढच्या गावाला गेला. आन् रामकिसन आला तर पारावर डब्बा न्हाई. त्यानं मोबाइलवर बटन दाबलं, पार्सल मिळालं न्हाई.

"कंपनी म्हणती, ओटीपी घेतला, डब्बा देला न्हाई, तूच खाल्ला. आज पाचच्या आत गिऱ्हाइकाचा वस्तू हातात धरलेला फोटो पायजे. न्हाई आला तर माझा आयडी बंद. आयडी बंद म्हंजे काम बंद, मावशी. आन् वर चोर म्हणून नाव."

"पाचला लई टाइम हाय," तुळजाबाई म्हणली. गल्लीत ऐकू जाईल असं म्हणली. "दुपारच्या च्याच्या आत काढून देते."

एवढं ऐकल्यावर घरात कोण बसतं? तुळजाबाई रामकिसनच्या घराकडं निघाली, तवा मागं चाळीस माणसं व्हती.

रामकिसन साठीतला. बागायतदार, मिशीवाला, रुबाबदार. फक्त डोक्यावर रुबाब कमी. म्हंजे केसच न्हाईत. पण महिना झाला, तो डोक्याला रुमाल घट्ट बांधून हिंडून राह्यला व्हता. जो भेटंल त्याला सांगायचा, "कांद्याच्या रसाचा लेप लावलाय. केस येऊन राह्यले. नातीच्या लग्नात उघडतो, तवा बघा." त्याची बायको पुष्पाबाई. आता पुष्पाबाईचं काय सांगू, देखणी, हुशार, आन् पुरणपोळीत तर तिचा हात धरणारी जिल्ह्यात न्हाई.

"भाऊजी," तुळजाबाई म्हणली, "काय व्हतं डब्यात?"

"ते आपलं... स्प्रेपंपाचे नोजल."

"किती?"

"डझनभर."

"एवढे?"

"फवारणी लई असती," रामकिसन म्हणला आन् त्याचा हात नाकाकडं गेला. पण तो तुळजाबाईच्या बराबरीचा. त्याचं नाक तिनं कधी पुसलेलं न्हवतं. म्हणून तिनं तिकडं ध्यान देलं न्हाई. तिथंच चुकली.

मंग नोजल हुडकायला वाडी निघाली. ज्याच्या-त्याच्या घरात जाऊन, जड डब्बा पाह्यला का, लोखंडी सामान पाह्यलं का? नोजल सोडून सगळं सापडलं. साहेबरावचा तीन वर्षांखाली हरवलेला पाना सापडला. भजनी मंडळाच्या झांजा सापडल्या, एक जोड तर भज्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून. शाळेची घंटा सापडली. सप्त्याची सगळी व्यवस्था संपत बघतो. त्याला इचारलं तर तो म्हणला, "पारावर लोखंड बिलकुल न्हवतं. मारुतीची आण."

दोन वाजले. च्याचा टाइम आला आन् गेला. वरल्या आळीत बोलणं सुरू झालं, रामकिसनचे दहा पंप गेले. तेच खालच्या आळीत पोचलं तवा ट्रॅक्टर गेल्ता. साहेबराव पाना हातात घेऊन अंगदकडं बघत म्हणला, "चोरच आधी वरडतो, आम्ही लई पाह्यले."  अंगद मान खाली घालून मोटरसायकलीची किल्ली बोटात फिरवत बसला.

तुळजाबाईनं ते पाह्यलं. "आण रे भाऊजींचा मोबाइल. कंपनीलाच इचारते."

स्पीकर लावला. आधी गाणं झालं, मंग एक पोरगी गोड आवाजात म्हणली, "नमस्कार सर, तुमची ऑर्डर आहे पुरुषांसाठीचा..."

रामकिसननं झडप घालून फोन कट केला. "रेंज गेली," म्हणला.

परत लावला. "नमस्कार सर, पुरुषांसाठीचा नैसर्गिक..."

"बॅटरी गेली," रामकिसन म्हणला.

तिसऱ्यांदा तर तो फोनवर बसला. धोतराखालून आवाज येऊन राह्यला, "सर, आप लाइन पर हैं? सर?"

वाडी हसली. तुळजाबाई हसली न्हाई. तिच्या डोक्यात उजेड पडला. ज्याची वस्तू जाते तो वस्तूचं नाव दहादा घेतो, अन् ह्यो तर नावालाच भिऊन राह्यला. तिनं रामकिसनला कडब्याच्या गंजीमागं नेलं.

"भाऊजी, नोजल न्हवते."

रामकिसननं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन् रुमाल सोडला. आत डोकं, धुतलेल्या परातीसारखं. एक काडी उगवलेली न्हाई.

"केसाचा टोप हाय," तो म्हणला. "नातीच्या लग्नात फोटोला उभं राहायचंय. आमच्या लग्नातला फोटो भिंतीवर हाय, त्यात माझे केस असे... जाऊ द्या. महिनाभर गावाला कांदा सांगून राह्यलो, म्हंजे एकदम टोप दिसला तरी कोणी पुसू नये. पण वैनी, घरात कळू देऊ नगा. घरात तर बिलकुल नगा."

दुसरी बाई असती तर हसून हसून गंजीवरून पडली असती. तुळजाबाईनं सुपारीचं खांड ह्या गालातून त्या गालात नेलं, बस. मोठ्या मनाची बाई.

"वजन किती असंल त्याचं?"

"मांजराच्या पिल्लाएवढं."

ती परत आली आन् सगळ्यांसमोर म्हणली, "सवाल चुकला व्हता. नोजल प्लास्टिकचे हायत. हलका डब्बा. पारावर हलका डब्बा कोणी पाह्यला का?"

"हलका?" संपत म्हणला. "हलका व्हता की. तो लिलावात गेला."

आमच्या वाडीत सप्त्यात देवाला काय काय येतं, साडी, नारळ, धान्य. काल्यानंतर ते लाल कपड्यात बांधून त्याचा लिलाव करतात. देवाची वस्तू म्हणून लोक चढाओढीनं घेतात.

"अन् वरचं नाव वाचलं न्हाईस?" अंगद म्हणला.

"पारावर ठेवलं, देवाचं झालं," संपत म्हणला. "देवाच्या वस्तूवरचं नाव वाचायचं असतं का?"

आन् त्या टायमाला रामकिसन कुठं व्हता? दहा पावलांवर. पुष्पाबाईनं त्याच्या हातात वरणाची बादली देऊन पंगतीत उभं केल्तं. दोनशे पानं वाढल्याशिवाय सुटका न्हवती. त्याच्याच टोपाची बोली त्याच्या कानावर येऊन राह्यली व्हती आन् तो म्हणून राह्यला व्हता, वरण घ्या, वरण घ्या.

डब्बा घेतला सायरबाईनं. कापड दुकानवाल्या भंवरलाल शेटची बायको. तीन पिढ्यांखाली त्यांची माणसं राजस्थानातून आली, आता वाडीचीच झालेली. तिच्या देवघरात जाऊन पाह्यलं तर देवांच्या मधोमध डब्बा. लाल कपडा, हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर निरांजन. उघडलेला न्हाई.

"डब्बा मिळणार न्हाई," सायरबाई म्हणली. "शनिवारी घरात आला आन् शेटजींचा गुडघा थांबला. तीन साल दुखून राह्यल्ता. काल जिना चढले. इचारा त्यांना."

"दोनदा चढलो," भंवरलाल शेट म्हणले.

"बंद हाय तवरच बरकत हाय. मी न्हाई उघडू देणार."

सव्वाचार वाजले व्हते. तुळजाबाई खाली बसली. "बराबर हाय तुमचं. मला एकच सांगा, गुडघा कशानं बरा झाला? डब्यानं का आतल्या वस्तूनं?"

"आत काय हाय, मला कुठं मालूम?"

"तेच. आतलं कोणाला मालूम न्हाई, तरी गुण आला. म्हंजे गुण डब्याचा. डब्बा तुमचा. आतलं तेवढं ह्यांचं."

भंवरलाल शेटनं थोडा इचार केला. "बात तर बराबर हाय," म्हणले.

"पण रिकामा डब्बा देवापुढं?" सायरबाई म्हणली.

"नारळ घालू आत. रिकामा कशाला?"

सायरबाई राजी झाली. पण आता खरी पंचाईत. देवघरात चाळीस माणसं माना उंचावून उभी. फोटो पायजे तो वस्तू हातात धरून. रामकिसनचं तोंड चुन्यासारखं झालं. तो तुळजाबाईच्या कानाशी लागला. "मी न्हाई उघडत. माझी अब्रू जाईल."

"अंगदकडं पाहा," ती म्हणली.

रामकिसननं पाह्यलं. अंगद दाराशी उभा, किल्ली फिरवत, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. चार चाळीस. 

रामकिसननं रुमालाची गाठ आवळली. "उघडा," म्हणला. "व्हऊ द्या माझं काय व्हायचं ते. माझ्या डोक्यापायी त्याच्या लेकरांनी कामून उपाशी राहावं?"

आन् हे ऐकल्यावर तुळजाबाईनं जे केलं, ते करायला दुसऱ्या कोणाची छाती न्हवती. उभी राहिली, पदर खोचला आन् गरजली, "देवापुढली वस्तू हलवायची हाय. आरती झाली पायजे. आन् हलवताना बघायचं न्हाई. ज्याचे डोळे उघडे राहतील, शेटजींचा गेलेला गुडघा त्याला धरंल!"

चाळीस माणसांनी असे डोळे मिटले, की गालावर सुरकुत्या पडल्या. साहेबरावनं तर वरून दोन्ही हात ठेवले. मारुतीची आरती सुरू झाली.

तुळजाबाईनं अडकित्त्यानं चिकटपट्टी कापली. आतून काळाभोर टोप निघाला. रामकिसननं तो हातात धरला. अंगद घाईघाईनं फोटो काढत सुटला. पहिल्या फोटोत अंगठा आला. दुसऱ्यात निस्तं निरांजन. तिसरा पाठवला तर कंपनीचं उत्तर, फोटो स्पष्ट न्हाई. तेवढ्यात आरती संपली. तुळजाबाईनं लगेच गणपतीची उचलली. मंग देवीची, मंग शंकराची, मंग दत्ताची. मिटल्या डोळ्यांनी वाडी म्हणून राह्यली, घसा बसला तरी म्हणून राह्यली. पाचवा फोटो चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी गेला.

नारळ डब्यात, पट्टी परत, वर कुंकू. टोप रुमालाखाली डोक्यावर. मंगच आरती थांबली. सगळ्यांनी डोळे उघडले.

"नोजल कुठंय?" संपतनं इचारलं.

"खिशात," रामकिसन म्हणला.

"डझनभर?"

"खिसा मोठा हाय."

अंगदच्या मोबाइलनं टिंग केलं. तक्रार बंद, आयडी चालू. त्यानं तुळजाबाईचे पाय धरले. ती म्हणली, "पाय सोड. दुसऱ्या खेपंला पार्सल पारावर ठेवू नगस, माणसाच्या हातात दे." आन् निघाली घरी, जसं काई शेवग्याच्या शेंगा देऊन आली.

लग्नात रामकिसननं रुमाल सोडला. वाडी बघतच राह्यली. तवापासून आमच्या वाडीत तीन टकले कांद्याचा रस लावून राह्यलेत, आन् येष्टीत त्यांच्या शेजारी कोणी बसत न्हाई.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांचे डोळे मिटलेले, मंग तुला टोप कसा ठाऊक? अरे, माझा गुडघा आधीच दुखतो. मला कशाचं भेव?

एक मातर कबूल करते. रामकिसन नावाचा माणूस आमच्या वाडीत न्हाई. तेवढं नाव मी मनानं लावलं. काय करू? आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत.