पेस्ट करण्याची सर्वमान्य पद्धत

वडील गेल्यानंतर विसाव्या दिवशी मुलीने त्यांच्या संगणकातलं चोवीस पानी पत्र कॉपी केलं आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये पेस्ट केलं. तिथे चोवीस पानं भरून रिकाम्या चौकटी उमटल्या. पत्र आईला लिहिलेलं होतं. आईला बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि वडील ज्या प्रोग्राममध्ये लिहीत, त्यात अक्षर मोठं करायची सोय नव्हती, छापायचीही नव्हती.

"मी वाचून दाखवते ना."

"नवऱ्याचं पत्र लेकीच्या तोंडून ऐकू? काहीतरीच तुझं. तू वाचायचंसुद्धा नाहीस."

वडिलांच्या संगणकातली प्रणाली सगळ्यांच्या मालकीची होती. कोणीही उघडावी, कोणीही सुधारावी. त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या परीने सुधारली होती. प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलावं म्हणून एक प्रमाणीकरण समितीही होती. तिचे सदस्य नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मुलगी समितीच्या सचिवांकडे गेली.

"कॉपी-पेस्टच्या नियमांचा मसुदा कधीचा तयार आहे, ताई. एका सदस्याची हरकत आहे, म्हणून अडलंय."

"कोणाची?"

"तुमच्या वडिलांची. आणि हरकत ज्याची त्यानेच मागे घ्यायची, असा नियम आहे."

"ते गेले."

"हो, दुखवट्याचा ठराव केलाय आम्ही. पण राजीनामा नाही ना दिला त्यांनी."

"हरकत काय होती?"

सचिवांनी फाईल उघडली. "मसुद्यात सामान्य वापरकर्त्याचा विचार झालेला नाही."

"मग करा की."

"केला असता. पण वापरकर्ता कोणी पाहिलाय?"

मुलगी घरी आली. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून, एकीत पाहत दुसरीत, तिने पाच दुपारी सगळं पत्र टाइप केलं. मोठ्या अक्षरांत छापून आईच्या हातात दिलं.

"मी वाचलं नाही हं. नुसतं टाइप केलं."

आई दोन दिवस वाचत होती. मग म्हणाली, "एकविसाव्या पानावर सात चुका आहेत. तिथे रडलीस वाटतं."

पुढच्या आठवड्यात सचिवांनी सहज फोन केला आणि सगळी हकिगत लिहून घेतली. सामान्य वापरकर्ता अखेर सापडला होता. हरकत निकाली निघाली. डोळ्यांनी वाचून हातांनी टाइप करणे ही पद्धत सर्व प्रोग्रामांत निर्दोष चालते, असं एकमताने ठरलं. नऊ वर्षांत प्रथमच सदस्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

जनतेची संमती वेगळी मागवली नाही. एका खिडकीतला मजकूर पुटपुटत दुसऱ्या खिडकीत टाइप करणाऱ्या प्रत्येकाला समितीने अनुमोदक धरलं आहे. यादीत तुम्ही आहात.