निवडीचं धनुष्य

पलंगावर दोन धनुष्यं शेजारी शेजारी ठेवली होती आणि सासूबाईंनी दोन्हींनाही हळदकुंकू लावलं होतं. घरात शिलाईचं मशीन आलं तेव्हाही त्यांनी तेच केलं होतं, प्रेशर कुकर आला तेव्हाही. नवीन वस्तू काय करते, हे त्या नंतर विचारायच्या.

हे बंगाली मुलखातल्या गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधलं, सत्त्याहत्तर सालचं. श्यामलाबाईंचे यजमान दिगंबरराव; त्यांचा मावसभाऊ जयप्रकाश जहाजावर इंजिनिअर होता. आपली वहिनी रविवारी मैदानावरच्या क्लबात बांबूच्या धनुष्याने नेम धरायला शिकते, हे ऐकून त्याने अमेरिकेहून तीरांसकट दोन कंपाउंड धनुष्यं आणली. एक वहिनीला, दुसरं मद्रासच्या मित्राला. त्यातलं हवं ते निवडायचा पहिला हक्क वहिनीचा. संध्याकाळी खलाशी येऊन उरलेलं घेऊन जाणार होता.

"हे बघा वहिनी," जयप्रकाशने टोकांची चाकं दाखवली होती, "ओढताना मध्यापर्यंत जड लागतं. मग चाकं फिरतात आणि निम्मा भार उतरतो. नेम धरून निवांत उभं राहता येतं. धाकटं तीस पौंडी, थोरलं साठ. आणि एक लक्षात ठेवा, तीर लावल्याशिवाय दोरी कधी सोडायची नाही. धनुष्य फुटतं आणि तुकडे तोंडावर येतात."

एवढं सांगून तो जहाजावर गेला. श्यामलाबाई पलंगाजवळ उभ्या राहिल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. या काळात साड्या सासूबाईंनी निवडल्या, घरं रेल्वेने निवडली, आणि कमल या माहेरच्या नावाऐवजी श्यामला हे नाव तर तांदळाच्या ताटात दिगंबररावांच्या अंगठीनेच लिहिलं गेलं. निवडायला म्हणून पुढ्यात आलेली ही पहिलीच वस्तू.

त्यांनी धाकटं उचललं, ओढलं. हात गालापाशी आला तिथेच चाकं फिरली आणि भार उतरला. जणू मापाने शिवलेलं पोलकं. त्यांनी हळूच दोरी परत नेली.

"हेच घेते."

"अगं, ते खेळणं आहे," दिगंबरराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले. "वस्तू घ्यायची तर दणकट घ्यावी. थोरलं घे."

"मला ते ओढवणार नाही."

"सवयीने ओढवेल. स्कूटर नाही का आपण मोठी घेतली?"

"ती तुम्ही चालवता."

"मला विचाराल तर थोरलंच," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा रंग मळखाऊ आहे."

"यात ताकद नाही, युक्ती लागते. थांब, दाखवतो," असं म्हणून दिगंबररावांनी बनियनवरच थोरलं उचललं. पहिल्या झटक्याला दोरी वीतभर आली. दुसऱ्याला त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. तिसऱ्याला कुठूनसा एक आवाज आला, चाकं गर्रकन फिरली आणि दोरी कानापाशी पोचली.

"बघितलंस?" ते विजयाने म्हणाले.

"बघितलं. आता परत न्या."

दिगंबररावांनी हात किंचित सैल केला. धनुष्याने त्यांना दावं ओढणाऱ्या बैलासारखं पुढे खेचलं. ते घाईघाईने पुन्हा मागे आले. ओढताना जेवढा जोर लागला, तेवढाच दोरी परत नेताना लागणार होता, आणि तो तर संपला होता.

"सोडू का?"

"तुकडे तोंडावर येतात म्हणाले भावजी."

"मग काय करू?"

"निवांत उभे राहा."

तेवढ्यात दिवे गेले. लोडशेडिंग. पंखा थांबला आणि दिगंबररावांच्या बोटांना घाम सुटला. सासूबाईंनी मुलाचं कोपर मागून धरलं आणि रामरक्षा सुरू केली. त्या आवाजाने शेजारचे घोषबाबू मेणबत्ती मागायच्या निमित्ताने आत आले आणि दारातच थिजले.

"नोडबेन ना, दादा! हिलना मत!"

"हलतोय कोण इथे," दिगंबरराव दातांतून म्हणाले. "श्यामला, तीर लाव. भिंतीत मारतो."

"उस दीवार के पीछे मेरी मिसेस सोती है," घोषबाबू म्हणाले.

"खिडकीतून?"

"खाली साहेबांचा बगीचा आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. "साहेब बगीच्यात आहेत."

शेवटी श्यामलाबाईंनी पलंगावरच्या दोन्ही गाद्यांची गुंडाळी करून कपाटाला टेकवली.

"ती माझी गादी आहे, सांगलीच्या कापसाची," सासूबाई रामरक्षा थांबवून म्हणाल्या.

"मग मुलगा की गादी, ते सांगा आई."

सासूबाईंनी जरा विचार केला. "मार बाबा."

श्यामलाबाईंनी तीर उचलला, पण लावला नाही. खोलीत सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. असं या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मी कुठलं घेऊ?" त्यांनी विचारलं.

"अगं, तुला हवं ते घे!"

"आई?"

"धाकटं घे बाई. नाजूक आहे. मी पहिल्यापासून तेच म्हणतेय."

"आणि क्लबात मी एकटी जाईन. उभं कसं राहायचं, हे सांगायला तुम्ही येणार नाही."

"नाही येणार. मला आता उभं राहायचंच नाही."

"दिवाळीला मिरजेऐवजी पुरीला जाऊ."

"हे जरा..." दिगंबरराव म्हणाले.

"पुरी चालेल," मागून सासूबाई म्हणाल्या. "जगन्नाथ राहिलाय. दिगू, हो म्हण, माझा हात भरून आला."

"हो!"

श्यामलाबाईंनी सगळ्यांना मागे घेतलं, तीर कडेने सरकवून दोरीत अडकवला आणि म्हणाल्या, "सोडा." तीर सांगलीच्या कापसातून आरपार गेला आणि मागच्या कपाटाच्या दारात घुसला. कपाट रेल्वेचं होतं. घोषबाबूंनी टाळ्या वाजवल्या आणि मेणबत्ती न घेताच घरी गेले.

खलाशी थोरलं धनुष्य घेऊन गेला. जाताना त्याने त्यावरचं कुंकू बोटाने पुसून पाहिलं आणि रक्त आहे की काय म्हणून श्यामलाबाईंकडे बघितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

कोजागरीला महाराष्ट्र मंडळात दूध पिताना धाकट्या धनुष्याचा विषय निघाला. एव्हाना श्यामलाबाईंचा नेम क्लबात नावाजला जाऊ लागला होता.

"नवशिक्याने हलकंच घ्यावं, हाताच्या मापाचं," दिगंबरराव पेला खाली ठेवून चारचौघांना समजावत होते. "मोठ्याचा मोह पडतो, पण तिथेच लोक फसतात. मीच पारखून दिलं हिला."

सगळ्यांनी श्यामलाबाईंकडे पाहिलं.

"खरंच," त्या म्हणाल्या. "फार वेळ उभे होते त्याच्यासाठी."