धर्माकाकांचं पिंप

"वयनी, जल्दी बर्फ द्या! आमच्याकडं अंग तापलाय!"

पनवेलजवळ करंजाड्यात राहायला आल्यावर समोरच्या धर्माकाकांची ही पहिली हाक. काकू आजारी असतील म्हणून मी बर्फाचा ट्रे घेऊन धावले. काकू भिंतीवर होत्या, हार घातलेल्या फोटोत. ताप आला होता निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला. त्यात काळ्या द्राक्षांची वाईन फसफसत होती.

पिंप पाण्याच्या टबात उभं. त्याला काकूंचं सुती लुगडं गुंडाळलेलं, पदर टबात सोडलेला, म्हणजे पाणी आपोआप वर चढतं. समोर टेबलफॅन. काका तळहाताची मागची बाजू पिंपाला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "घाई नाय करायची. थंड ऱ्हायला पायजे."

तेव्हापासून माझ्या फ्रीजरात मासळीऐवजी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या. सकाळी काकांनी टबात टाकायला गोठलेल्या न्यायच्या, वितळलेल्या आणून द्यायच्या. आमचे हे म्हणत, "हा फ्रीज आहे की बर्फाचा कारखाना?" वीज गेली की काका पुठ्ठ्याने पिंपाला वारा घालत. स्वतः घामाने निथळत.

मला कुणाशी बोलायला जमत नाही. पण काकांना उत्तर लागतच नसे.

शेजारीण म्हणाली, काका स्वतः थेंबही घेत नाहीत. वाईन झाली की बिल्डिंगभर वाटून टाकतात. मग मात्र मला राहवेना.

"काका, एवढा त्रास कशाला? गरम राहिली तर काय होतं?"

"चव बिघडते. आन लवकर होऊन जाते."

"मग बरंच की!"

काकांनी पिंपाकडे बोट केलं. झाकणातून सलाइनची नळी बाहेर काढून बाटलीतल्या पाण्यात सोडली होती. तिच्यातून बुडबुडा आला. बुडुक्. जरा वेळाने पुन्हा. बुडुक्.

"ऐकला? घरान कोनतरी हाय असा वाटतो. गरम झाला का चार दिसान गप. थंड ठेवला का म्हयनाभर बोलतो."

पुढे एका सकाळी काका बाटल्या न्यायला आले नाहीत. दुपारी दारात उभे, हातात कालच्या वितळलेल्या बाटल्या.

"ऱ्हाऊ दे आता, वयनी. गप झाला."

द्राक्षांचे दिवसही सरले होते. समोरचं दार बंदच राहू लागलं.

मी एकटी कधी बाजारात जात नाही. त्या दिवशी गेले. पनवेलच्या बाजारात डोंगरावरच्या बायका द्राक्षांसारखीच काळीभोर करवंदं घेऊन बसल्या होत्या. पिशवीभर घेतली आणि काकांची बेल वाजवली. काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. दार उघडलं आणि सगळं विसरले.

पिशवी पुढे केली. एवढंच म्हणाले, "काका, बाटल्या गोठल्यात."