अर्धे सात

"या ना एकदा जेवायला," असं वेंडेल प्रूइट जिन्यात म्हणाला तेव्हा त्याच्या मनात जेवण अजिबात नव्हतं. कॅन्ससमध्ये, जिथे त्याची पहिली चाळीस वर्षं गेली, हे वाक्य निरोपाचं असतं. ते बोलून माणसं आपापल्या गाडीत बसतात, वर्षभर भेटत नाहीत आणि कोणाला वाईटही वाटत नाही.

पण इथे जर्मनीत शेजारच्या ब्रोकमनबाईंनी हातातली कचऱ्याची बादली पायरीवर ठेवली, कोटाच्या खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "कधी?"

"केव्हाही," वेंडेल म्हणाला.

"केव्हाही म्हणजे कुठल्या वारी?"

बाई जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. हद्द न आखलेली गोष्ट त्यांना बघवत नसे. "सतरा तारखेचा रविवार मोकळा आहे," त्या पानं उलटत म्हणाल्या. "नाहीतर मग एकदम जानेवारी."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कूनास्ट पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन जिना चढत आले. एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसत नाही म्हणून वेंडेल म्हणाला, "तुम्हीही या ना." कूनास्टांनी खोका खाली ठेवला आणि स्वतःची डायरी काढली.

"रविवार चालेल. अर्धे सात?"

"अर्धे सात," बाईंनी लिहून घेतलं.

"अर्धे सात," वेंडेल आनंदाने म्हणाला आणि मनात साडेसात लिहून मोकळा झाला.

तो कासेलमधल्या एका कंपनीत लोकांना इंग्रजीत गप्पा मारायला शिकवायचा आणि वीस मिनिटांच्या आगगाडीच्या अंतरावर, या लहानशा गावात राहायचा. इथे आल्यापासून त्याच्या उंबऱ्याच्या आत फक्त हीटरचे आकडे घ्यायला आलेला माणूस आला होता, आणि तोही बूट न काढता. त्यामुळे रविवार जवळ येऊ लागला तसा वेंडेल या जेवणाकडे फार गांभीर्याने बघू लागला. त्याने आईला फोन लावला.

"आई, तुझी ती कोंबडी भरलेली पाई कशी करतेस?"

"तुला कशाला हवीय?"

"माणसं जेवायला येणार आहेत."

आईने वहीची पानं उलटली. मग म्हणाली, "लिही. साडेतीनशे अंश, पाऊण तास."

रविवारी दुपारी वेंडेलने ओव्हनमध्ये ठेवलेले तवे बाहेर काढले आणि ओव्हन पहिल्यांदाच पेटवला. बटण फिरवलं तर ते अडीचशेवर अडलं. त्याने जोर लावून पाहिला. अंश दोन जातींचे असतात हे तो शाळेत शिकला होता, पण ते त्या क्षणी त्याला आठवलं नाही. इथल्या लोकांना बेताचंच भाजायची सवय असेल, असं त्याला वाटलं. उरलेले शंभर अंश वेळ वाढवून भरून काढावेत, असा हिशेब करून त्याने दोन तास लावले आणि न्हाणीघर घासायला घेतलं.

धूर न्हाणीघरापर्यंत आला तेव्हा चार वाजून गेले होते. कोंबडी कुठली आणि भांडं कुठलं हे आता सांगता येत नव्हतं. वेंडेलने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. रविवार असल्यामुळे गावातलं एकही दुकान उघडं नव्हतं. कासेलच्या स्टेशनातलं तेवढं उघडं असतं. त्याने पाच दोनची गाडी धरली, चार प्रकारचे सॉसेज, पाव आणि प्लास्टिकच्या डब्यातलं बटाट्याचं सॅलड घेतलं, आणि सात वाजता पिशव्या सांभाळत आपल्या इमारतीचा जिना चढला. हातात अजून अर्धा तास होता. एवढ्या संकटातून आपण फार थंड डोक्याने निघालो, याचं त्याला कौतुक वाटत होतं.

त्याच्या घराचं दार उघडं होतं. आत ब्रोकमनबाई त्याचा एप्रन बांधून जळकं भांडं खरवडत होत्या. टेबल मांडलेलं होतं. कूनास्ट फोनवर बोलत होते.

"...उंची साधारण सहा फूट. अमेरिकन. नाही, दारू पीत नाही. निदान बाटल्या दिसल्या नाहीत." त्यांनी वळून पाहिलं. "माफ करा, आला." त्यांनी फोन ठेवला.

"तुम्ही जिवंत आहात," बाईंनी नोंद घेतल्यासारखं म्हटलं.

"हो," वेंडेल म्हणाला. "तुम्ही लवकर आलात."

"आम्ही सहा वाजून तीस मिनिटांनी घंटा वाजवली. दोन मिनिटं आधी आलो होतो, ती बाहेर उभे राहून काढली."

"पण अर्धे सात ठरलं होतं ना?"

"तेच तर. सहा संपले, सातवा अर्धा झाला. अर्धे सात."

"आमच्याकडे सात होतात आणि वर अर्धा."

कूनास्टांनी विचार केला. "तो वरचा अर्धा आठाचा. तो साताला कसा देणार?"

वेंडेलने पिशव्या खाली ठेवल्या. मग त्याला हळूहळू बाकीचं कळलं. कोणी दार उघडेना, आतून जळल्याचा वास येत होता. पाहुण्यांना बोलावून माणूस स्वतःच घरात नाही, ही शक्यता दोघांच्याही मनात आली नाही, म्हणजे तो आत पडलेला असणार. हीटरवाल्यासाठी ठेवलेली किल्ली बाईंकडे होती. आत आले तर खिडक्या सताड उघड्या.

"मी खाली वाकून अंगणात पाहिलं," कूनास्ट म्हणाले. "सायकली होत्या फक्त. मग दवाखान्यांना फोन सुरू केले."

"मी तोवर तुमचा कचरा वेगळा केला," बाई म्हणाल्या. "दह्याचे डबे कागदांत टाकता तुम्ही."

जेवण मात्र झालं. पाहुणे रिकाम्या हाताने आले नव्हते. बाईंनी बटाट्याचं सॅलड आणलं होतं, मेयोनेज घातलेलं. कूनास्टांनीही बटाट्याचंच सॅलड आणलं होतं, व्हिनेगर आणि रश्श्यातलं, त्यांच्या दिवंगत बायकोच्या पद्धतीचं. वेंडेलने आपला प्लास्टिकचा डबा पिशवीतच राहू दिला. दोन्ही वाडगे टेबलावर समोरासमोर आले.

"कुठलं चांगलं?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही अप्रतिम," वेंडेल म्हणाला.

"मी कुठलं ते विचारलं."

"दोन्हींची आपापली मजा आहे."

"हे उत्तर नाही," कूनास्ट म्हणाले. ती दोघं काटे खाली ठेवून वाट बघत बसली. वेंडेल पाणी प्यायला. आयुष्यात त्याने कोणाच्या घरच्या पदार्थाला नावं ठेवली नव्हती. आईच्या त्या पाईलासुद्धा नाही, जी ती शेजारच्या प्रत्येक मयतीला न्यायची. पण ती दोघं हलत नव्हती.

"ब्रोकमनबाई," तो शेवटी खाली बघत म्हणाला, "तुमच्यात मीठ जास्त झालंय."

बाईंनी एक घास घेतला. सावकाश चावला. "झालंय," त्या म्हणाल्या. "थँक यू."

त्यानंतर वातावरण एकदम मोकळं झालं. कूनास्ट बायकोबद्दल बोलले, बाई कचेरीतल्या एका वरिष्ठाबद्दल बोलल्या, जो पंचवीस वर्षांपूर्वी वारला होता आणि अजून माफ झालेला नव्हता. पाहुण्यांनी आणलेली वाइनची बाटली संपत आली तेव्हा बाईंनी ग्लास उचलला आणि त्या कूनास्टांकडे वळल्या.

"आपण या इमारतीत बावीस वर्षं राहतोय. एकत्र आज पहिल्यांदा जेवलो, तेही तिसऱ्याच्याच घरात. मी वयाने मोठी, म्हणून मीच बोलते. आता आपण 'तू' म्हणायला हरकत नाही. मी हानेलोरे."

कूनास्ट उठून उभे राहिले. त्यांनी कोटाचं बटण लावलं. "डीटमार," ते म्हणाले. ग्लासला ग्लास लागला.

"मीठ खरंच जास्त होतं तुझ्यात, हानेलोरे."

"तुझं पाणचट होतं, डीटमार. बावीस वर्षं जिन्यात वास घेतेय मी त्याचा."

वेंडेलचे डोळे भरून आले. तोही उठला आणि ग्लास पुढे करून म्हणाला, "मी वेंडेल."

दोघांनी त्या ग्लासकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"तुम्हाला येऊन आठच महिने झालेत, प्रूइटसाहेब," बाई मायेने म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला आणखी सॅलड वाढलं.