गैरहजर खेळाडूच्या साठ्याचे व्यवस्थापन

साठा हा वापरण्यासाठी नसून असण्यासाठी असतो, हे तत्त्व जगातल्या सर्व जबाबदार माणसांनी मान्य केलेले आहे. ज्यांनी ते मान्य केले नाही त्यांची नावे पडद्यावरून लवकर जातात.

अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला हिवाळा सहा महिने चालतो आणि उरलेले सहा महिने त्याची चर्चा चालते. तिथे रेइनो कांगास यांनी हे तत्त्व जन्मभर पाळले. एकतीस वर्षे त्यांनी गावच्या रस्ते खात्यात बर्फ लोटणारी गाडी चालवली. त्यातली शेवटची बारा वर्षे मिठाचे गोदामही त्यांच्याच ताब्यात होते. (रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात.) एका हिवाळ्यात त्यांनी निम्मे मीठ शिल्लक ठेवून दाखवले. त्याच हिवाळ्यात चौदा गाड्या रस्त्याकडेच्या चरात गेल्या, पण चर दुसऱ्या खात्याकडे होते.

घरीही शिस्त तीच. कपाटात अडतीस नवे टॉवेल होते, लेबलासकट, पाहुण्यांसाठी राखलेले. पाहुणे येत. त्यांना जुने टॉवेल मिळत, कारण याहून महत्त्वाचे पाहुणे येण्याची शक्यता कायम होती.

अशा माणसाने निवृत्तीनंतर संगणकावर पोकरच्या स्पर्धा खेळाव्यात याचे गावाला नवल वाटले, पण ते खेळ न कळणाऱ्यांना. स्पर्धेत प्रत्येकाला सुरुवातीला सारख्याच चिपा मिळतात. त्या संपल्या की खेळाडू बाहेर. सगळ्यात शेवटी उरलेले नऊजण एका टेबलावर बसतात आणि त्यांची नावे मोठ्या अक्षरांत झळकतात. स्पर्धेबाहेर या चिपांना काडीची किंमत नसते, त्यामुळे त्यांची काळजी अधिकच घ्यावी लागते. शिवाय प्रत्येकाला पाळीपाळीने 'ब्लाइंड' नावाची सक्तीची वर्गणी भरावी लागते आणि दर पंधरा मिनिटांनी ती वाढते. म्हणजे हातावर हात ठेवून बसलेल्या माणसाचाही साठा झिजत राहतो. (ही व्यवस्था फक्त पोकरमध्ये आहे असा अनेकांचा समज आहे.)

साठ्याच्या व्यवस्थापनाचे नियम रेइनो यांनी रस्ते खात्याच्या उरलेल्या कोऱ्या कागदावर लिहून फ्रिजवर लावले होते:

१. साठा हाच प्राण.
२. साठा ब्लाइंडच्या वीस पटींहून कमी असेल तर घाबरावे. जास्त असेल तर तो कमी होईल म्हणून घाबरावे.
३. चांगली पाने आली तर खेळावे. मात्र याहून चांगली येऊ शकतात हे विसरू नये.
४. आपल्याकडे किती आहे हे शेजाऱ्याकडे पाहून ठरवावे.
५. रागाच्या भरात सगळ्या चिपा पुढे ढकलू नयेत.
६. सिल्वीचा फोन आला तर दोन डावांच्या मध्ये घ्यावा.

सहावा नियम पेन्सिलीने लिहिलेला होता. सिल्वी म्हणजे सिल्विया, त्यांची एकुलती एक मुलगी. ती खाली, पुलापलीकडच्या शहरात वाचनालयात काम करी आणि दर रविवारी फोन करी. नऊ वर्षांतले बहुतेक फोन "थांब पोरी, पाळी आली" या वाक्यावर संपले.

या नऊ वर्षांत रेइनो दोन हजार दोनशे चौदा स्पर्धा खेळले. त्यांपैकी एक हजार नऊशे तीसमध्ये ते पहिल्या तासाभरातच बाहेर पडले, आणि दर वेळी कारण मोडलेला पाचवा नियम. शेवटच्या नऊ जणांत ते किती वेळा पोचले? एकदाही नाही. तेवढे एकदा व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. फ्रिजवर कागदाशेजारी एक रिकामी चौकट याच कामासाठी राखून ठेवली होती.

मग एका बुधवारी संध्याकाळी, कोणालाच समजले नाही अशा रीतीने, त्यांनी पाचवा नियम पाळला. मोठ्या स्पर्धेचा पहिला दिवस संपला तेव्हा चव्वेचाळीस खेळाडू उरले होते आणि साठ्यात रेइनो तिसरे होते. पुढचा खेळ शनिवारी दुपारी एकला होता. गुरुवारी सकाळी ते पायऱ्यांवरचा बर्फ काढायला फावडे घेऊन बाहेर गेले आणि तिसऱ्या पायरीवर त्यांचे हृदय थांबले. प्रार्थना शनिवारी अकराला ठरली. ही वेळ देताना पाद्रीबुवांनी स्पर्धेचे वेळापत्रक पाहिले नव्हते.

त्या भागात हिवाळ्यात जमीन दगड होते. म्हणून हिवाळ्यात गेलेल्यांना स्मशानातल्या कोठीत ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. रेइनो यांनाही शिल्लक ठेवण्यात आले. त्यांना ते पटले असते.

मधल्या शुक्रवारचा उपयोग सिल्वियाने वडिलांचे नाव कमी करण्यासाठी केला. पेन्शन कार्यालयाने ते सहा मिनिटांत कमी केले, फोन कंपनीने चाळीस मिनिटांत. गावच्या वाचनालयातल्या बाईंना रडू आवरेना, म्हणून तिथले कार्ड सिल्वियाने स्वतःच रद्द केले. हे तिचे रोजचेच काम. (दोन पुस्तके बाकी, दंड माफ.)

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात कॉफी, हॅमचे सँडविच आणि वेलचीचा गोड पाव चालू होता. तेव्हा ऑनी साल्मेला लॅपटॉप छातीशी धरून आले. ऑनी हे गावचे निवृत्त न्हावी, रेइनो यांचे खेळातले सोबती. त्यांच्यामागे वेस ट्रुडो, शाळेच्या बसचे निवृत्त चालक.

"सिल्वी, तुझ्या बाबांचा खेळ सुरू झालाय," ऑनी म्हणाले.

"ऑनीकाका, आत्ता कोठीवरून येतोय आपण."

"म्हणून तर सांगतोय. तिसरेच आहेत अजून."

लॅपटॉप रेइनो कधी बंद करत नसत. चालू-बंद करण्याने तो झिजतो असे त्यांचे मत होते. पडद्यावर हिरवे टेबल होते, त्याभोवती नावे, आणि एका नावाखाली राखाडी अक्षरांत लिहिले होते: गैरहजर. कोपऱ्यात एक बटण लुकलुकत होते: 'मी परत आलो'.

यंत्राची पद्धत अशी होती. गैरहजर खेळाडूची पाळी आली की त्याची वर्गणी कापून घ्यायची, त्याची पाने फेकून द्यायची आणि पुढे जायचे. खेळाडू कुठे गेला, का गेला, याची चौकशी करायची नाही. सिल्वियाने दोन दिवसांत पाहिलेल्या सर्व कार्यालयांत हे सर्वात सभ्य होते.

"किती वेळ पुरतील या चिपा?" तिने विचारले.

"दोन तास. ब्लाइंड खाऊन टाकतील," वेस म्हणाले.

"आणि तोपर्यंत नाव राहील?"

"नाव राहील."

तिने खुर्ची ओढली. ऑनी आणि वेस दोन्ही बाजूंना बसले. अशा रीतीने समिती स्थापन झाली.

पहिल्या तासात जे दिसले त्याने समिती अंतर्मुख झाली. हजर असलेले खेळाडू एकमेकांवर तुटून पडत होते, रागावत होते, सगळ्या चिपा पुढे ढकलून बाहेर जात होते. रेइनो मात्र ढिम्म हलत नव्हते. चव्वेचाळीसचे तीस झाले. तिसाचे एकोणीस.

रेइनो यांची बहीण लेम्पीआत्या कॉफीची किटली घेऊन आली आणि खांद्यावरून डोकावली. "काही न करता हा एवढा पुढे गेलेला मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. "कर्ता होता तेव्हा तर नुसता मागेच."

"लेम्पी, पाव आण," ऑनी म्हणाले.

"तूही जरा गैरहजर राहून बघ, ऑनी. तुझ्याही संसारात प्रगती होईल."

सव्वादोनला रेइनो यांना दोन एक्के आले. पोकरमध्ये हातात येणारी याहून चांगली जोडी नाही. यंत्राने ती शांतपणे फेकून दिली. ऑनींनी कप खाली ठेवला, कोट घातला आणि बाहेर बर्फात जाऊन उभे राहिले. डाव संपला तेव्हा समोरच्याकडे तीन नव्व्या निघाल्या. एक्के धरून बसले असते तर रेइनो घरी गेले असते. वेसने खिडकीवर टकटक करून त्यांना परत बोलावले. "दोन हजार वेळा असलीच पाने धरून मेला," ऑनी कोट काढत म्हणाले. "आज वाचला."

तीन वाजता खेळात दहाजण उरले, दोन टेबलांवर पाच-पाच. एक कमी झाला की शेवटचे नऊ. पण रेइनो यांच्याकडे आता जेमतेम तीन ब्लाइंड होते, आणि पुढच्याच डावात वर्गणीची पाळी त्यांची होती. त्यांच्याशेजारी 'डेट्रॉइट_डॉक्टर' नावाचा एक खेळाडू होता. दुपारभर रेइनो यांची पाळी आली की तो बोली वाढवी, बाकीचे माघार घेत, आणि तो गैरहजर माणसाची वर्गणी उचलून नेई. (हा गुन्हा नाही. साठ्याच्या व्यवस्थापनावरील सर्व मार्गदर्शनात त्याची शिफारस असते.)

"आता ही वर्गणीही घेईल, मग पुढच्या दोन फेऱ्यांत खलास," वेस म्हणाले. "दहावे. वाईट नाही, पोरी."

सिल्वियाने कोपऱ्यातल्या बटणावर बाण नेला.

"दाबू नकोस. दुसऱ्याच्या नावावर खेळणं नियमात बसत नाही."

"खेळत नाहीये मी, वेसकाका. सांगतेय फक्त."

"काय सांगतेयस?"

तिने बटण दाबले.

नावाखालची राखाडी अक्षरे गेली. बाजूच्या चौकटीत डॉक्टरने लिहिले: "आलात का काका? आम्हाला वाटलं डोळा लागला."

ऑनींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

डॉक्टर मात्र विचारात पडला. दोन तास बाहेर असलेला माणूस नेमका आत्ता का परतला? नक्कीच काहीतरी हाताशी घेऊन आला असणार. दुपारभरात पहिल्यांदाच त्याने पाने टाकून माघार घेतली. बाकीच्यांनी त्याचे पाहून टाकली. रेइनो यांची वर्गणी त्यांना परत मिळाली, वर दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याला त्या डावात भरावी लागलेली अर्धी वर्गणीही आली. हाताशी काय होते म्हणाल तर चौकट तिर्री आणि किलवर अठ्ठी. पण ते समितीलाच दिसत होते.

पुढच्या डावात यंत्राने थेट रेइनो यांना विचारले: तुमची पाळी. पंचवीस सेकंद.

सिल्वियाने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आकडा उतरू लागला. लेम्पीआत्या किटली घेऊन तशीच उभी राहिली. टेबलाभोवतीचे सगळे खेळाडू थांबले होते, डेट्रॉइटमधले आणि कुठकुठले, आणि रेइनो कांगास काय करतात याची वाट पाहत होते. पंचवीस सेकंद ते हजर होते. तेवढ्यात, दुसऱ्या टेबलावर, कोणीतरी रागाच्या भरात सगळ्या चिपा पुढे ढकलल्या आणि तो बाहेर गेला.

आकडा शून्यावर आला. यंत्राने पाने फेकली आणि नावाखाली पुन्हा लिहिले: गैरहजर. मग पडदा बदलला. नऊ नावे मोठ्या अक्षरांत आली. सातव्या जागी त्यांचे.

वेसने नाक शिंकरले. ऑनींनी मोबाइलवर फोटो काढला, त्यात स्वतःचा अंगठा आला, म्हणून दुसरा काढला.

पुढचे थोडक्यात. शेवटच्या चिपा वर्गणीतच गेल्या. अशा वेळी यंत्राला पाने फेकता येत नाहीत, ती उघडावी लागतात. सत्ती आणि दुर्री निघाली, खेळातली सर्वात टाकाऊ जोडी. रेइनो यांनी ती हयातीत एकदाही खेळली नव्हती. ती जिंकली. त्यानंतर आणखी एकजण गेला आणि मग रेइनो गेले. आठवा क्रमांक. पडद्यावर आले: "छान खेळलात, रेइनो. पुन्हा खेळायचे?" खाली दोन बटणे होती, 'हो' आणि 'नंतर'. तिसरे बटण यंत्रात नाही. सिल्वियाने दोन्ही न दाबता झाकण बंद केले.

समितीचा निष्कर्ष असा: नऊ वर्षांतली सर्वोत्तम कामगिरी खेळाडूने त्याच्या अनुपस्थितीत केली. त्यातला निर्णायक भाग मात्र तो पंचवीस सेकंद हजर असताना झाला. या दोन गोष्टींची सांगड घालता न आल्याने अहवाल अपुरा आहे. ऑनींनी पुढच्या रविवारी स्वतःवर प्रयोग करण्याची तयारी दाखवली आहे.

संध्याकाळी घरी सिल्वियाने फ्रिजवरच्या रिकाम्या चौकटीत फोटो लावला. अंगठ्याचा, कारण त्यात नाव जास्त स्पष्ट होते. मग कपाट उघडून एक नवा टॉवेल काढला, कात्रीने लेबल कापले आणि तोंड धुतले. टॉवेलने पाणी टिपले नाही. नवा टॉवेल चार-पाच वेळा धुतल्याशिवाय पाणी टिपत नाही, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते.

वाचकांच्या कपाटात असे काही नसेलच. पाहुण्यांसाठीचे कप असतील, घडी न मोडलेली एखादी साडी असेल, दोन डावांच्या मध्ये करायचा एखादा फोन असेल. मोजून पाहायला हरकत नाही. सावकाश मोजा. यंत्र पंचवीस सेकंद थांबते, आणि त्यातले काही हे वाचण्यात गेले.