जबडेवाल्या शैलाताई

लग्नाच्या पंगतीत बायका एकमेकींच्या साड्या बघतात; शैलाताई जबडे बघतात. आमच्या जामनेरात एका लग्नात नवरदेवाकडे टक लावून त्या म्हणाल्या, "अक्का, हा एकाच बाजूनं चावतोय."

"अहो, आजपासून दोन्हीकडचं ऐकायचंय त्याला. चावू द्या सुखानं," मी म्हटलं.

हसल्या नाहीत. "दाढ किडली असेल," एवढंच म्हणाल्या.

लहान मुलाला गिळता-चावता येत नसेल तर ते ओळखायचं आणि शिकवायचं, हे त्यांचं काम. असंही काम असतं हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. तरुणपणी गल्लीतली न जेवणारी पोरं माझ्याकडेच आणत. पायांवर आडवं घ्यायचं, नाक दाबायचं, तोंड उघडलं की चमचा रिता. "मी शे ना, बठ्ठं खाई ती!" मी आहे ना, सगळं खाईल म्हणे! काय तो तोरा! पोरं मला बघून गल्ली बदलायची. मला वाटे, धाक आहे माझा.

नात ओवी दीड वर्षाची झाली नि तोरा उतरला. चमचा बघितला की मान फिरवे, वरणाचा ठसका लागे, वजन हलेना. सुनेनं शैलाताईंना बोलावलं.

"भरवा रोजच्यासारखं. मी इथं नाहीच समजा."

मी ओवीला आडवी घेतली. एक चमचा. खोकला. शैलाताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"आवाज ओला झाला बघा, घास घशाशीच घरघरतोय. हट्ट नाही हा, अक्का. घाबरलीय ती."

"कुणाला?"

"चमच्याला," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरांनी गिळणं तपासलं. मग ओवी ताठ बसू लागली, पाय पाटावर टेकवून. डॉक्टरांनी सांगितलं तसं वरण दाट झालं, घास इवलासा. 'खा' हा शब्द घरात बंद. तिनं तोंड फिरवलं की चमचा खाली. शैलाताई रोज एक वाजता स्वतःचा डबा आणून तिच्यासमोर जेवत. माझे हात शिवशिवत, म्हणून मला लसूण सोलायला बसवत.

"घरी कोण कोण?" मी एकदा विचारलं.

"मी आणि कुकर. बोलतो तोच."

तिसऱ्या महिन्यात ओवीनं भाकरीचा कुस्करा आपल्या हातानं तोंडात घातला, चावला, गिळला. खोकली नाही. सून रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते लसणावर ढकललं. शैलाताईंनी वजन केलं, वही मिटली. "झालं माझं काम. आता महिन्यानं येईन."

दुसऱ्या दिवशी एक वाजता दारात शैलाताई. हातात डबा.

"वजन करून घ्यावं म्हटलं."

"कालच केलंत की."

"हो का?" त्या उंबऱ्यातच थांबल्या. आत ओवी जेवून झोपली होती. ते त्यांना दिसलं. डबा त्यांनी पदराआड घेतला.

मीही जेवून हात धुतले होते. पण म्हटलं, "बरं झालं आलात, जेवायची मी एकटीच राहिलेय," आणि दुसऱ्यांदा ताट वाढून घेतलं.